कार्डांची एकूण लिमिट आणि वर्षाची कमाई: हिशेब कसा मांडावा

परभणीच्या मोंढ्यात माझं खत-बियाण्यांचं दुकान आहे. दिवाळीनंतर उधारीची वही मिटली की मी दरवर्षी हा हिशेब मांडतो: माझ्या क्रेडिट कार्डांची एकूण लिमिट वर्षाच्या कमाईच्या किती टक्के आहे. अर्ध्या तासाचं काम. त्यात अवघड जागा एकच आहे, आणि नेमकी तिच्याबद्दल कुणी धड सांगत नाही.

पहिल्यांदा सगळ्या कार्डांच्या मंजूर लिमिट लिहून काढा. उरलेली नाही, मंजूर. विसरलेलं कार्ड सापडावं म्हणून क्रेडिट रिपोर्टही काढा, म्हणजे तुमच्या नावावरची सगळी कर्जं आणि कार्डं दाखवणारा अहवाल. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो.

मग बेरीज. एकाच बँकेची दोन कार्डं असली तर बऱ्याचदा लिमिट सामाईक असते, ती एकदाच धरा. बायकोच्या नावचं ॲड-ऑन (तुमच्याच खात्यावरचं जोड) कार्ड वेगळं मोजू नका. रोख काढायची मर्यादाही त्याच लिमिटीतली.

आता कमाई. इथं मी सपशेल आपटलोय.

२०१५ साली माझ्याकडं तीन कार्डं होती, मिळून लिमिट ५ लाख २० हजार. दुकानाची उलाढाल ६० लाख. म्हणजे लिमिट नऊ टक्क्यांच्याही आत, असं म्हणून मी खुशाल झोपलो. पण उलाढाल म्हणजे कमाई नव्हे! खताच्या पोत्यामागं सुटतं किती, हे मोंढ्यातल्या हमालालाही ठाऊक आहे. माझी आयकर रिटर्नमधली कमाई उलाढालीच्या आठ टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजार होती. तिच्याशी ताडून पाहिलं तर लिमिट १०८ टक्के निघाली. लिमिट तीच, फक्त भागाकारात खालची रक्कम मी चुकीची घेतली होती.

दुसरी चूक याहून वाईट. कार्डावर घेतलेला माझा माल जूनमध्ये पेरणीला उधारीवर जातो आणि पैसे येतात दसऱ्यानंतर, सोयाबीनची रास झाल्यावर. चार महिने. कार्डाची बिनव्याजी मुदत फार तर ४५-५० दिवसांची. मधलं अंतर बिलावरची ‘किमान रक्कम’ भरून काढता येतं असं मला एका ‘जाणकारानं’ सांगितलं. अशा माणसाला चहा पाजा आणि वाटेला लावा. किमान रक्कम भरली की लेट फी टळते, व्याज टळत नाही. ते महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, वर्षाला ४२ टक्के. आणि त्या साली पावसानंच दगा दिला. शेतकऱ्याच्या घरात रास आली नाही, माझ्या गल्ल्यात उधारी आली नाही, बिलं मात्र तारखेला येत राहिली. ती फेडायला मला दीड वर्ष लागलं.

म्हणून शेतीवर किंवा शेतीच्या जिवावर चालणाऱ्या धंद्यावर ज्याचं घर आहे, त्यानं मागच्या तीन वर्षांतलं सगळ्यात पडकं वर्ष धरावं. सरासरी नको. सरासरी काढली की चांगलं साल वाईट सालाला झाकून टाकतं. पीकविम्याचे आणि अनुदानाचे पैसे कमाईत धरू नका. ते कधी येतील ते तलाठ्यालाही सांगता येत नाही. पगारदारानं हातात पडणारा पगार गुणिले बारा एवढंच घ्यावं. माझा भाचा वाळूजला कंपनीत आहे, तो ओव्हरटाइमही धरतो. दोनदा सांगून झालं.

एकूण लिमिटीला कमाईनं भागा, शंभरनं गुणा.

पगारदाराला वर्षाच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत लिमिट ठीक आहे. माझ्यासारख्याला चौथा हिस्सा, त्यावर एक रुपया नको. हे आकडे माझे आहेत, रिझर्व्ह बँकेचे नाहीत. ‘लिमिट वाढवून घ्या, स्कोअर (रिपोर्टातला पत दाखवणारा आकडा) सुधारतो’ असा सल्ला सगळीकडं मिळतो. तो खोटा नाही: एक लाखाच्या लिमिटीवर वीस हजार वापरले तर वापर वीस टक्के, दोन लाखांवर दहाच, आणि ही टक्केवारी कमी तेवढा स्कोअर बरा. पण स्कोअर सुधारतो तो वापर तेवढाच राहिला तर. लग्नसराईत तो किती राहतो, ते स्वतःच्या घरात बघा.

आकडा जास्त निघाला तर सगळ्यात जुनं कार्ड ठेवा, वार्षिक फी घेणारं नवं बंद करा. बाकी शून्य करून, पॉइंट वापरून मगच अर्ज टाका. सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद झालं नाही तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात, म्हणून अर्जाची तारीख लेखी ठेवा. महिनाभरानं रिपोर्ट उघडून तिथं ‘बंद’ दिसतंय का ते बघा. जानेवारी २०२५ पासून बँका निदान दर पंधरवड्याला माहिती कळवतात, त्यामुळे तोवर दिसायला हवं. नसेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्याच साइटवर तक्रार टाका.