कॅम्पिंगच्या शेगडीला मोठी प्रोपेन टाकी जोडताना

अमेरिकेत सहकुटुंब कॅम्पिंगला जाणाऱ्या मराठी मंडळींच्या सामानात दोन बर्नरची घडीची शेगडी आणि तिच्यासाठी 1 पौंडाच्या हिरव्या बाटल्या हमखास असतात. प्रोपेनच्या एका पौंडातून साधारण 21,500 बीटीयू (उष्णता मोजण्याचे एकक) उष्णता मिळते आणि अशा शेगडीचा एकेक बर्नर पूर्ण आचेवर तासाला सुमारे 10,000 बीटीयू खातो; म्हणजे दोन्ही बर्नर मोठे ठेवले, तर एक बाटली तासाभरात संपते. चहा, पोहे आणि रात्रीची खिचडी असा आपला स्वयंपाक असेल, तर दोन दिवसांत दोन-तीन बाटल्या रिकाम्या होतात, आणि त्या टाकायच्या कुठे हा प्रश्न उरतोच. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये केलेल्या कायद्यानुसार 1 जानेवारी 2028 पासून त्या राज्यात या एकदाच वापरायच्या बाटल्यांची विक्री बंद होणार आहे. त्या घरी पुन्हा भरण्याची साधने बाजारात मिळतात, परंतु या बाटल्यांची झडप वारंवार वापरण्यासाठी बनवलेली नसते आणि अशी पुन्हा भरलेली बाटली घेऊन प्रवास करणे हा संघराज्याच्या कायद्याने गुन्हा असल्याचा इशारा बाटलीवरच छापलेला असतो. त्यापेक्षा पुन्हा भरता येणारी मोठी टाकी नळीने शेगडीला जोडणे हा सरळ मार्ग आहे.

तो निवडण्यापूर्वी दाबाचा हिशेब समजून घ्यावा, कारण चुकीचे सामान विकत घेतले जाते ते बहुतेक वेळा याच ठिकाणी. टाकीत द्रवरूप प्रोपेन असेपर्यंत आतला दाब टाकीच्या आकारावर अवलंबून नसतो. तो तापमानावर ठरतो. 21 अंश सेल्सिअसला तो दर चौरस इंचाला सुमारे 110 पौंड असतो, मग बाटली 1 पौंडाची असो की टाकी 20 पौंडांची. त्यामुळे जी शेगडी छोट्या बाटलीचा दाब झेलते, ती मोठ्या टाकीचाही झेलते. हा दाब उतरवण्याचे काम शेगडीच्या बाजूला बसणारी वाकडी धातूची नळी करते. तिच्या बाटलीकडच्या टोकाला जो फुगीर भाग दिसतो, तोच रेग्युलेटर. तात्पर्य, अशा शेगडीसाठी नळी घ्यायची ती रेग्युलेटर नसलेली, टाकीचा पूर्ण दाब तसाच पुढे नेणारी.

घरामागच्या ग्रिलची नळी दिसायला अशीच असते, पण तिच्या टाकीकडच्या टोकाला ताटलीसारखा चपटा रेग्युलेटर असतो आणि तो दाब आधीच अर्ध्या पौंडाच्याही खाली आणतो. ती जोडता येईल असा एखादा जोड मिळाला, तरी शेगडीच्या रेग्युलेटरपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही आणि ज्योत मलूल राहते. आरव्हीच्या (राहण्याची सोय असलेल्या गाडीच्या) बाहेरच्या बाजूला गॅसची जी झटपट जोडणी असते, तिच्यातही कमी केलेलाच दाब असतो. तिथे शेगडीचा स्वतःचा रेग्युलेटर काढून उत्पादकाने सांगितलेला जोड बसवावा लागतो. पाय असलेल्या मोठ्या उभ्या शेगड्यांबरोबर टाकीला लावायची रेग्युलेटरसह नळी बहुधा येतेच, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही घ्यावे लागत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये नेण्याच्या, आयसोब्युटेनच्या डब्यावर चालणाऱ्या चिमुकल्या शेगड्यांना मात्र प्रोपेन टाकी कोणताही जोड लावून जोडू नये. त्या याहून बऱ्याच कमी दाबासाठी बनवलेल्या असतात.

नळी निवडताना दोन्ही टोके पाहावीत. एका टोकाला हाताने फिरवायचे मोठे प्लॅस्टिकचे चाक असते, जे टाकीच्या झडपेच्या बाहेरच्या जाड आट्यांवर बसते. दुसऱ्या टोकाला छोट्या बाटलीच्या मानेसारखे, 1 इंच व्यासाचे बारीक आटे असतात. जुन्या पद्धतीच्या नळ्यांना चाकाऐवजी पितळी नट असतो. तो झडपेच्या आत बसतो, त्याचे आटे उलटे असतात आणि तो पान्याने आवळावा लागतो. चाकाची नळी मिळत असताना या जुन्या नळीच्या वाटेला जाऊ नये. चाकाला आणखी एक गुण आहे: जोडणी आगीने तापली, तर ते वितळते आणि झडप आपोआप मिटते. स्वस्त रबरी नळ्यांमधून मात्र कालांतराने तेलकट द्रव्य सुटते आणि रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात जाऊन बसते, त्यामुळे नळीसाठी चार पैसे जास्त मोजावेत. पाच फुटांची लांबी पुरते.

टाकी केवढी घ्यावी, याचे लोकांनी ठरवून टाकलेले उत्तर म्हणजे ग्रिलची 20 पौंडांची टाकी, कारण ती घरात असतेच. 20 पौंड हे आतल्या गॅसचे वजन; टाकीसकट ती भरल्यावर साधारण 37 पौंडांची होते, आणि शनिवार-रविवारच्या मुक्कामात एका कुटुंबाचा दोन-तीन पौंडांहून अधिक गॅस सहसा जळत नाही. महाराष्ट्र मंडळाची सहल असेल आणि वीस-पंचवीस जणांचे जेवण करायचे असेल, तर ती जरूर न्यावी. एरवी 5 किंवा 11 पौंडांची टाकी सोयीची पडते. लहान टाकीची किंमत मोठीच्या जवळपास असते, हे पाहून मन खट्टू होते, पण गाडीत ठेवताना आणि तळावर उचलून नेताना फरक जाणवतो. पूर्वेकडच्या मंडळींसाठी आणखी एक बाब: बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांतून 10 पौंडांहून मोठी प्रोपेन टाकी नेण्यास मनाई आहे, तेव्हा त्या बाजूने जाणाऱ्यांनी 5 पौंडांचीच घ्यावी किंवा वळसा घालावा.

नवी टाकी रिकामी मिळते आणि तिच्यात हवा असते. ती आधी काढून टाकावी लागते, म्हणून पहिल्यांदा भरताना टाकी नवी असल्याचे भरणाऱ्याला आवर्जून सांगावे. टाकी 80 टक्केच भरतात. उरलेली जागा उन्हात द्रव प्रसरण पावला तर त्याला मिळावी म्हणून सोडलेली असते. दुकानाबाहेरच्या पिंजऱ्यातून बदलून घेतलेल्या 20 पौंडांच्या टाकीत बहुधा 15 पौंडच गॅस असतो, त्यामुळे गॅलनच्या भावाने भरून घेणे परवडते. टाकीच्या गळपट्टीवर तिच्या निर्मितीचा महिना आणि वर्ष कोरलेले असते. 12 वर्षे उलटलेली टाकी पुन्हा तपासल्याशिवाय भरून मिळत नाही. त्याच पट्टीवर ‘टीडब्ल्यू’ या अक्षरांपुढे रिकाम्या टाकीचे वजन असते. भारतात येताना बॅगा तोलायचा जो टांगता काटा घरोघरी असतो, त्यावर टाकी तोलून हा आकडा वजा केला, की आत किती गॅस उरला आहे ते कळते.

तळावर पोहोचल्यावर टाकी सपाट जमिनीवर, शेगडीपासून नळी पुरेल तितकी दूर आणि उभीच ठेवावी. ती आडवी पडली, तर वायूऐवजी द्रव प्रोपेन नळीत शिरते आणि भडका उडू शकतो. दुधाच्या बाटल्या वाहण्याचा प्लॅस्टिकचा क्रेट मिळाला, तर 20 पौंडांची टाकी त्यात घट्ट बसते आणि कलंडत नाही. जोडण्याआधी शेगडीचे दोन्ही कॉक बंद असल्याची खात्री करावी, रेग्युलेटरच्या तोंडातले काळे रबरी कडे जागेवर आणि न चिरलेले आहे का ते बोट फिरवून पाहावे, आणि मगच नळीचे बारीक टोक त्यात हाताने फिरवावे. आटे तिरके बसले, तर पहिल्या फेऱ्यातच अडकल्यासारखे वाटते. तिथे जोर न लावता उलटे फिरवून पुन्हा सुरुवात करावी. टाकीकडचे चाकही हातानेच आवळावे, त्याला पाना लावू नये. मायदेशी 14.2 किलोच्या सिलिंडरवर रेग्युलेटर खटकन बसतो आणि काम झाल्याचे कानाला कळते. इथे तसा आवाज नसल्याने गळतीची परीक्षा प्रत्येक वेळी करावीच लागते.

त्यासाठी भांड्याचा साबण पाण्यात कालवून तो दाट फेस दोन्ही जोडांवर आणि झडपेच्या दांड्याभोवती लावावा, कॉक बंदच ठेवून टाकी हळूहळू उघडावी आणि अर्धा मिनिट निरखून पाहावे. एखादाच बुडबुडा सावकाश फुगत राहिला, तरी ती गळती समजावी, टाकी बंद करून जोड सोडवावा आणि नव्याने बसवावा. तेवढ्याने भागले नाही, तर ती नळी त्या दिवशी वापरू नये. काडी पेटवून गळती शोधण्याचा उद्योग करू नये. केवळ वासावर विसंबणेही बरे नाही, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट जड असून ते जमिनीलगत पसरते आणि उभ्या माणसाच्या नाकापर्यंत उशिरा पोहोचते.

टाकी हळूहळू उघडण्यामागे आणखी एक कारण आहे. चाकाच्या जोडणीत एक सुरक्षा-यंत्रणा असते आणि प्रवाह एकाएकी वाढला, तर नळी तुटली असे समजून ती गॅस आवळते. रिकाम्या नळीत टाकी झटकन उघडली, की हीच यंत्रणा लागते आणि शेगडी मिणमिणत राहते. लोक टाकी संपली म्हणून ती बदलून आणतात, आणि पुन्हा तेच घडते. अशा वेळी टाकी आणि दोन्ही कॉक बंद करावेत, मिनिटभर थांबावे, टाकी सावकाश उघडावी, नळी भरू द्यावी आणि मग बर्नर पेटवावा.

स्वयंपाक करताना नळीचा भार रेग्युलेटरवर लोंबणार नाही असे पाहावे, कारण त्या वजनाने रेग्युलेटर शेगडीच्या तोंडाशी सैल होतो. नळीचा एक वळसा टेबलावर टेकवून मग ती खाली सोडली, तर हा ताण जातो. मुले धावतात ती बाजू टाळून नळी टेबलाच्या आतल्या अंगाने न्यावी. मोठी कढई किंवा पातेले शेगडीबाहेर डोकावत असेल, तर त्याच्या बुडाखालची धग थेट रेग्युलेटरवर येते. तेव्हा मोठे भांडे नेहमी पलीकडच्या बर्नरवर ठेवावे. पाऊस आला, तरी शेगडी तंबूत नेऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चारी बाजूंनी मोकळी आणि उंच बांधलेली ताडपत्री चालते.

काम झाल्यावर आधी टाकी बंद करावी, नळीत उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यावी आणि त्यानंतर कॉक फिरवावेत. असे केले, की सोडवताना फुस्स होत नाही. नळीची दोन्ही टोके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावीत, कारण कोळ्यांना ही पोकळी फार आवडते आणि त्यांचे जाळे पुढच्या वेळी रेग्युलेटरमध्ये जाते. टाकीच्या तोंडात तिचे प्लॅस्टिकचे बूच बसवावे, गाडीत ती उभी आणि पट्ट्याने बांधून न्यावी, खिडकी थोडी उघडी ठेवावी आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ती सोडून जाऊ नये. घरी आल्यावर तिची जागा बाहेर, सावलीत. तळघरात किंवा गॅरेजमध्ये, विशेषतः वॉटर हीटरच्या शेजारी, ती कधीही ठेवू नये.