बॅले शाळा आणि कंपनी बंद करताना: ठरावापासून शेवटच्या धनादेशापर्यंत

ना-नफा तत्त्वावर चालणारी बॅले शाळा आणि तिच्याच छत्राखालची छोटी कंपनी (म्हणजे प्रयोग करणारा नर्तकांचा संच) बंद करायची वेळ आली की विश्वस्त मंडळ बहुधा एक गोष्ट विसरते: संस्था बंद करण्यासाठीही पैसे लागतात. शिक्षकांचे आणि नर्तकांचे शेवटचे पगार, साठलेल्या रजेची भरपाई, जागेच्या कराराची उरलेली मुदत, पालकांना परत करायचे आगाऊ शुल्क, हिशेबतपासनीस आणि वकील यांचे मानधन, तसेच विम्याचा अखेरचा हप्ता या सगळ्यांची तरतूद नसेल, तर बंद होणाऱ्या संस्थेचा भार तिच्यासाठी आयुष्य घालवलेल्या माणसांवरच पडतो. म्हणून ‘अजून किती महिने तग धरता येईल’ या प्रश्नाऐवजी ‘सर्वांची देणी चुकवून बंद करायला किती रक्कम लागेल’ हा प्रश्न मंडळाने आधी विचारावा. बँकेतील शिल्लक ज्या आठवड्यात त्या रकमेखाली जाईल असे दिसते, तो निर्णयाचा शेवटचा आठवडा मानावा.

हा आठवडा शोधण्यासाठी येणाऱ्या वर्षाचा आठवडेवार तक्ता करावा आणि त्यात दोन फसव्या आकड्यांकडे विशेष लक्ष द्यावे. पहिला आकडा आगाऊ शुल्काचा. सत्राच्या सुरुवातीला जमा झालेली फी खात्यात शिल्लक म्हणून दिसते, पण तास घेऊन होईपर्यंत ते संस्थेवरचे कर्जच असते. दुसरा आकडा ‘नटक्रॅकर’च्या तिकिटांचा. नाताळच्या कथेवरचा हा बॅले १८९२ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये प्रथम रंगमंचावर आला आणि पुढे, विशेषतः अमेरिकेत, डिसेंबरची हमखास कमाई बनला. त्यामुळे जानेवारीत छोट्या कंपन्यांचे खाते वर्षातले सर्वांत सुदृढ दिसते आणि मंडळाला वाटते की संकट टळले. माझ्या मते नेमका हाच महिना बंद करण्याचा निर्णय घ्यायला सर्वांत योग्य असतो, कारण नीट निरोप घेण्याइतके पैसे तेव्हाच हाताशी असतात.

मात्र ठराव मांडण्यापूर्वी शाळा आणि कंपनी यांचे हिशेब वेगळे करून पाहावेत. पुष्कळदा शाळा स्वतःचा खर्च भागवत असते आणि तोटा कंपनीच्या निर्मितीखर्चातून येत असतो. क्वचित उलटही असते. १९६९ साली स्थापन झालेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेम या संस्थेने कर्जाच्या ओझ्यामुळे २००४ मध्ये आपली कंपनी थांबवली, शाळेचे काम मात्र पुढे चालू राहिले आणि २०१२ मध्ये कंपनी पुन्हा उभी राहिली. प्रत्येक संस्थेला हे जमेलच असे नाही, तरीही एक भाग वाचवता येतो का, किंवा शाळा तिच्या शिक्षकांसह दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे सोपवता येते का, याची चौकशी इतिवृत्तात नोंदवून ठेवावी. पुढे देणगीदार आणि नियामक हाच प्रश्न विचारतात.

बंद होण्याची तारीख ठरवताना आर्थिक वर्षापेक्षा नृत्याचे वर्ष महत्त्वाचे मानावे. कंपन्यांच्या आणि उन्हाळी प्रशिक्षणवर्गांच्या निवडचाचण्या युरोप-अमेरिकेत साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होतात, त्यामुळे एप्रिलमध्ये बातमी कळलेल्या नर्तकाचे अख्खे वर्ष वाया जाऊ शकते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत परीक्षा आणि वार्षिक प्रयोग उरकूनच शाळा थांबावी. अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅम यांच्या कंपनीने या बाबतीत दाखवलेली शिस्त अभ्यासण्यासारखी आहे. २००९ मध्ये, त्यांच्या हयातीतच, पुढील वाटचालीची योजना जाहीर झाली. त्याच वर्षी त्यांचे निधन झाल्यावर कंपनीने ठरल्याप्रमाणे दोन वर्षांचा जागतिक दौरा केला आणि ३१ डिसेंबर २०११ रोजी न्यू यॉर्कमध्ये अखेरचा प्रयोग करून काम थांबवले. नर्तकांना पुढच्या वाटचालीसाठी आर्थिक साहाय्य देण्याची सोयही त्या योजनेत होती. छोट्या संस्थेला दोन वर्षे परवडणार नाहीत, पण एक पूर्ण हंगाम आधी सांगणे बहुतेकांना शक्य असते.

बातमी सांगण्याचा क्रम एकाच दिवसात बसवावा. सकाळी शिक्षक, पियानोवादक, वेशभूषा विभाग आणि नर्तक यांना समोरासमोर सांगावे. दुपारी पालकांना पत्र जावे. संध्याकाळी देणगीदार आणि वृत्तपत्रे. पत्रात शेवटच्या तासाची तारीख, शुल्क परत मिळण्याची पद्धत आणि प्रश्न विचारण्यासाठी एका जबाबदार व्यक्तीचे नाव एवढे असलेच पाहिजे. कारणे दोन वाक्यांत लिहावीत. मंडळाची पाने भरून कैफियत कोणी वाचत नाही, आणि वाचलीच तर तिच्यातून भांडणे उपजतात. त्याच दिवशी नवे प्रवेश थांबवावेत आणि देणगीदारांच्या खात्यातून दरमहा आपोआप वळती होणारी रक्कमही बंद करावी. हे दुसरे काम हमखास राहून जाते.

विद्यार्थ्यांसाठी सर्वांत उपयोगी वस्तू म्हणजे एक पानी शिफारसपत्र. बॅलेत रॉयल अकॅडमी ऑफ डान्स, चेकेट्टी, वागानोवा अशा निरनिराळ्या पद्धती आहेत आणि एका शाळेतील ‘चौथी इयत्ता’ दुसऱ्या शाळेत काहीच सांगत नाही. म्हणून विद्यार्थी कोणत्या पद्धतीने शिकला, आठवड्याला किती तास, कोणत्या परीक्षा उत्तीर्ण झाला, आणि मुलगी पॉइंट शूज (पायाच्या बोटांच्या टोकावर उभे राहून नाचण्याचे कडक टोकाचे बूट) घालत असेल तर किती काळापासून आणि ते काम बारजवळच (आधारासाठी धरायच्या आडव्या दांडीजवळ) होते की खोलीच्या मध्यभागीही, हे स्पष्ट लिहावे. ही शेवटची ओळ वगळू नये. नव्या शिक्षकाला ते माहीत नसेल तर तो एक तर तिला वर्षभर मागे ठेवतो किंवा घोट्याची ताकद यायच्या आत पुढे ढकलतो, आणि दुसरी चूक दुखापतीपर्यंत जाते.

सामानाची यादी करायला घेतल्यावर कपड्यांच्या खोलीत आठवडे जातात, हे आधीच गृहीत धरावे. अभिजात टुटूच्या (जाळीचा ताठ, पसरट घेर असलेल्या बॅले-पोशाखाच्या) चोळीला पाठीमागे हुकांच्या दोन-तीन ओळी असतात, जेणेकरून एकच पोशाख वेगवेगळ्या बांध्यांच्या नर्तकींना बसावा. कमरपट्टीच्या आतल्या कापडावर तो घातलेल्या मुलींची नावे एकाखाली एक शाईने लिहिलेली असतात आणि जुनी नावे खोडलेली असतात. अशा पोशाखाची किंमत वापरलेल्या कपड्याच्या भावाने लावू नये. प्रत्येकाचे छायाचित्र, मापे, नृत्याचे नाव आणि स्थिती नोंदवून पूर्ण संच एकत्र द्यावेत, कारण ‘नटक्रॅकर’मधल्या हिमकणांच्या सोळा पोशाखांपैकी अकराच घेणारी कंपनी सहसा मिळत नाही. टुटू पाठवताना ते उलटे, सपाट एकावर एक ठेवावेत. खोक्यात दाबून कोंबलेली जाळी पुन्हा तशी उभी राहत नाही. भाड्याने आणलेले पडदे, मुखवटे आणि नेपथ्य आपल्या यादीत मिसळले नाही ना, हे जुन्या करारांवरून पडताळावे. वापरलेले पॉइंट शूज मात्र दुसऱ्या कोणाला वापरायला देऊ नयेत, कारण ते एकाच नर्तकीच्या पायाच्या आकारात घडलेले असतात.

नाचाची व्हिनाइल फरशी गुंडाळ्यांत उचलून नेता येते आणि तिला मागणी असते. तिची घडी न घालता नळीवर गुंडाळावी. तिच्याखालचा लवचीक लाकडी तळ, भिंतीवरचे आरसे आणि भिंतीत बसवलेले बार कोणाच्या मालकीचे आहेत, हे भाडेकरारात पाहावे. जडवलेल्या वस्तू अनेकदा जागामालकाच्या ठरतात, आणि काढल्याच तर भिंत पूर्ववत करण्याचा खर्च संस्थेवर येतो.

नृत्यरचनांची मालकी हा प्रश्न कपड्यांपेक्षा नाजूक आहे. संस्थेने नोकरीत असलेल्या नृत्यदिग्दर्शकाकडून करवून घेतलेली रचना कोणाची, याचे उत्तर करारात नसेल तर ते न्यायालयात मिळते. अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका मार्था ग्रॅहम यांच्या निधनानंतर त्यांचे वारस आणि त्यांनी उभारलेले केंद्र यांच्यात असाच वाद झाला आणि २००२ मध्ये अमेरिकी न्यायालयाने बहुतेक रचनांचे हक्क केंद्राकडे असल्याचा निकाल दिला. बंद होणाऱ्या संस्थेने असे हक्क हवेत लोंबकळत ठेवू नयेत. ते लेखी करारान्वये रचनाकाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवावेत. नृत्यदिग्दर्शक जॉर्ज बॅलन्चीन यांच्या रचनांसारखी परवान्यावर सादर केलेली कामे मात्र कोणाला ‘देता’ येत नाहीत, कारण परवाना ठरावीक संस्थेला ठरावीक प्रयोगांपुरता असतो. जुन्या व्हिडिओ फिती खराब होण्यापूर्वी डिजिटल करून एखाद्या ग्रंथालयाला द्याव्यात, पण त्यांत दिसणाऱ्या अल्पवयीन मुलांच्या पालकांची संमती आधी घ्यावी.

उरलेला पैसा विश्वस्तांनी, शिक्षकांनी किंवा संस्थापकाने वाटून घ्यायचा नसतो. ना-नफा संस्थांच्या कायद्यांचा गाभा सगळीकडे साधारण हाच आहे की आधी देणी फेडावीत आणि शिल्लक मालमत्ता समान उद्देशाच्या संस्थेकडे जावी. अमेरिकेत ५०१(सी)(३) दर्जाच्या, म्हणजे करमुक्त धर्मादाय, संस्थेला मालमत्ता कोणाला गेली याचा तपशील वार्षिक विवरणपत्र ९९० च्या एन या परिशिष्टात द्यावा लागतो आणि अनेक राज्यांत अ‍ॅटर्नी जनरलला (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला) पूर्वसूचनाही द्यावी लागते. शिष्यवृत्तीसाठी म्हणून आलेली देणगी पगारासाठी वापरण्याचा मोह शेवटच्या महिन्यांत फार होतो, आणि तिथेच चांगल्या विश्वस्तांची नावे खराब होतात. अशी रक्कम दात्याच्या लेखी संमतीशिवाय हलवू नये.

कागदपत्रांत पगाराच्या, कराच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या नोंदी सर्वांत जास्त काळ जपाव्या लागतात, कारण तक्रार अनेक वर्षांनीही येऊ शकते. विमा जर दावा दाखल होण्याच्या तारखेवर चालणारा असेल, तर बंद झाल्यानंतरच्या दाव्यांसाठी मुदतवाढ वेगळी विकत घ्यावी. संकेतस्थळाचे नाव आणि ईमेल यांचे शुल्क एक-दोन वर्षे भरत राहावे, नाहीतर ते नाव दुसराच कोणी घेऊन जुन्या पालकांकडून पैसे मागू शकतो.

बँक खाते सर्वांत शेवटी बंद करावे. परताव्याचे धनादेश काही पालक महिनोन्‌महिने दराजात ठेवून देतात, काहींचे पत्ते बदललेले असतात, आणि विजेच्या कंपनीची अनामत रक्कम जागा सोडल्यावर बऱ्याच दिवसांनी जमा होते. न वटलेल्या धनादेशांची यादी कोषाध्यक्षाने दर महिन्याला तपासावी, त्या पालकांना फोन करावा, आणि यादी रिकामी झाल्यावर खाते बंद झाल्याचे बँकेचे पत्र अखेरच्या इतिवृत्ताला जोडावे.