दीर्घिकांचे पुंजके मोजायचे तर आधी खोटं आकाश बनवा

स्लोन या मोठ्या आकाश-सर्वेक्षणाची यादी फुकट मिळते. प्रत्येक दीर्घिकेची दिशा आणि रेडशिफ्ट (विश्वाच्या प्रसरणामुळे तिचा प्रकाश लाल बाजूला किती सरकला ते) घ्या, रेडशिफ्टचं अंतर करा. आता त्याच आकाशात वाटेल तसे विखुरलेले खोटे बिंदू टाका, खऱ्यांच्या निदान दहापट. माझी पहिली फजिती इथेच झाली. तेजस्वी ताऱ्यांमुळे यादीत पडलेली भोकं मी खोट्या बिंदूंत ठेवलीच नाहीत, आणि आलेखात भलताच फुगवटा आला. दोन दिवस मी त्याला शोध समजत होतो!

मग ठराविक अंतरावरच्या जोड्या मोजा: खऱ्या-खऱ्या, खऱ्या-खोट्या, खोट्या-खोट्या. प्रत्येक मोजणीला त्या प्रकारच्या एकूण शक्य जोड्यांनी भागून घ्या. पहिलीतून दुसरी दोनदा वजा करा, तिसरी मिळवा, तिसरीनेच भागा. ही लँडी आणि सालाय या खगोलशास्त्रज्ञांची १९९३ची रीत. उत्तर सांगतं, विखुरलेल्या बिंदूंपेक्षा जोड्या किती जास्त; १ म्हणजे दुप्पट. जवळच्या विश्वात उत्तर १ होतं ते साधारण दोन-अडीच कोटी प्रकाशवर्षांवर. लाल दीर्घिका वेगळ्या काढल्या तर आणखी दूरवर.

काळानुसार तुलना करताना तेजस्वितेची चाळणी एकच ठेवा. लांबून, म्हणजे जुन्या काळातून, फक्त तेजस्वीच दिसतात, आणि त्या मुळातच जास्त गर्दी करतात.

ताऱ्यांच्या जन्मदरासाठी हायड्रोजनची ६५६ नॅनोमीटरची रेषा बघा. पण रेडशिफ्ट २ला ती १,९६८वर, म्हणजे अवरक्तात सरकते. नेमका तिथेच, सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी, जन्मदराचा कळस आहे. धूळ प्रकाश अडवते, त्याची दुरुस्ती विसरलात तर तो कळस बुटका दिसेल.