फुप्फुसांचा रक्तदाब वाढलेल्या रुग्णाचे सोडियम कमी आल्यास काय करावे

फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतील दाब वाढलेल्या रुग्णाच्या रक्तातील सोडियम १३५ एककांच्या (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) खाली आले, की गोव्यातल्या घरांत पेजेबरोबर खाऱ्या सुक्या मासळीचा तुकडा किंवा लोणच्याची फोड वाढण्याचा मोह होतो. तो कृपया आवरावा. या आजारात बहुधा मीठ कमी पडलेले नसते, तर पाणी जास्त साठलेले असते: वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना उजवे हृदय थकते, मूत्रपिंडांना रक्त अपुरे मिळते, पाणी धरून ठेवणारी संप्रेरके वाढतात आणि रक्तातील सोडियम विरळ होते. म्हणूनच हा आकडा उजव्या हृदयाच्या अवस्थेची खूण मानला जातो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या ४० रुग्णांच्या अभ्यासात १३६ किंवा त्याहून कमी सोडियम असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा बरेच कमी आढळले. मात्र अभ्यास लहान होता, आणि एकाच अहवालावरून कोणाचेही भवितव्य ठरवू नये. डॉक्टर इकोकार्डिओग्राम (हृदयाची सोनोग्राफी), सहा मिनिटांची चालण्याची चाचणी आणि बीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) यांच्यासह त्याचा अर्थ लावतात.

जुने अहवाल तारखेनुसार लावून सोडियम घसरत आहे का, ते पाहावे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा पावलांवर सूज आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. पाण्याची मर्यादा घालून दिली असेल, तर पेज, सोलकढी, चहा आणि हुमणाचा (माशांच्या आमटीचा) रसही त्यातच मोजावा, कारण हिशेब चुकतो तो बहुतेक इथेच. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असल्याने स्पायरोनोलॅक्टोन ही शरीरात पोटॅशियम धरून ठेवणारी, लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ते विचारूनच प्यावे. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही, विशेषतः थायझाइड गटातल्या, सोडियम उतरते. तरी कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये, आणि फुप्फुसांच्या दाबावरची तर मुळीच नाही.

रुग्ण असंबद्ध बोलू लागला, त्याला सारखी गुंगी येऊ लागली किंवा आकडी (फीट) आली, तर १०८ला फोन करून तातडीने रुग्णालय गाठावे. तिथे सोडियम सावकाश वाढवतात, सहसा २४ तासांत ८ ते १० एककांपलीकडे नाही, कारण घाईने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी आकडा थोडाच वर आलेला दिसला, तरी नातेवाइकांनी घाईचा आग्रह धरू नये.