फिरायला नेलं की कुत्रा पट्टा ताणून भुंकत सुटतो? या चुका टाळा

घरात गुणी असलेला कुत्रा गेटबाहेर पडतो, समोर दुसरा कुत्रा दिसतो आणि पुढच्या क्षणी हा मागच्या दोन पायांवर उभा राहून जीव खाऊन भुंकत असतो. पट्टा धरणाऱ्याचा हात दुखतो, अख्खी सोसायटी बघत राहते. अशा कुत्र्यांना हल्ली ‘रिअ‍ॅक्टिव्ह’ म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत मुळाशी भीती असते. काही तरुण, मिसळायला उतावीळ कुत्र्यांची पट्ट्यामुळे पुढे जाता येत नाही म्हणून चिडचिड होते. काहीही असलं तरी त्या क्षणी कुत्रा घाबरलेला किंवा पेटलेला असतो. त्याला उद्धट समजून शिस्त लावायला गेलं की पुढच्या बहुतेक चुका ओघानेच होतात.

‘भुंकून भुंकून होईल सवय’ हा सल्ला हमखास मिळतो. प्रत्यक्षात भुंकण्याचा सराव होतो. कुरियरवाला आला, कुत्रा भुंकला, कुरियरवाला निघून गेला. तो जाणारच होता, पण कुत्र्याच्या हिशेबी भुंकणं लागू पडलं. रोज लागू पडणारी गोष्ट कुत्रा कशाला सोडेल?

फार जवळून शिकवायला जाणं

मला विचाराल तर सगळ्यात मोठी चूक हीच. प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं. त्याच्या पलीकडे असलेला कुत्रा त्याला दिसतो, पण सोसवतो. त्या अंतराच्या आत आलं की डोकं चालेनासं होतं. कुणाला दहा मीटर पुरतात, कुणाला चाळीस लागतात, आणि झोप अपुरी झाली असेल त्या दिवशी त्याच कुत्र्याला साठही कमी पडतात. शिकणं फक्त त्या रेषेच्या पलीकडूनच होतं.

रेषा ओळखायला भुंकण्याची वाट बघू नका. त्याआधी तोंड मिटतं, कान पुढे येतात, शरीर ताठ होतं, नजर खिळते. काही कुत्री ओठ चाटतात किंवा उगाच जांभई देतात. सोपी परीक्षा म्हणजे नेहमी आवडीने खाणाऱ्या कुत्र्याने चिकन नाकारलं किंवा बोटांसकट ओरबाडून घेतलं, तर तुम्ही फार जवळ आहात. तिथून ‘बस, बस’ म्हणत राहण्यात अर्थ नाही. वळा आणि लांब जा.

हे वळणंही आधी घरात शिकवावं लागतं. एक ठरावीक शब्द, समजा ‘चल मागे’, आनंदी आवाजात म्हणायचा, वळायचं आणि कुत्रा सोबत आला की खाऊ द्यायचा. आधी हॉलमध्ये, मग जिन्यावर, मग रिकाम्या पार्किंगमध्ये, आणि त्यानंतर रस्त्यावर. आयत्या वेळी पट्टा ओढून वळवलं तर कुत्र्याला फक्त ओढ जाणवते.

पेठांमधल्या बोळांत किंवा चाळींच्या गल्ल्यांत चाळीस मीटर आणायचे कुठून, हा प्रश्न खराच आहे. तिथे आडोसा अंतराचं काम करतो. उभा टेम्पो, पार्क केलेल्या गाड्यांची रांग, झाडाचा पार. समोरचा कुत्रा दिसेनासा झाला की निम्मा ताण उतरतो. लिफ्ट भरलेली असेल तर सोडून द्या. दार उघडतं त्याच्या अगदी समोर उभं राहू नका, बाजूला थांबा. शक्य असेल तेव्हा मैदानाच्या कडेला जाऊन सराव करा, म्हणजे येणारं लांबूनच दिसेल.

खाऊ चुकीच्या क्षणी देणं

आपल्याला समोरचा कुत्रा आधी दिसतो. आपण घाबरून खिशातून खाऊ काढतो, नाकासमोर धरतो, आणि मग आपल्या कुत्र्याला समोरचा कुत्रा दिसतो. चार दिवसांत कुत्रा शिकतो की चिकन निघालं म्हणजे संकट येतंय! पावलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगांत आवाज आधी व्हायचा आणि अन्न नंतर यायचं, ते याच कारणाने. आपल्याकडेही आधी कुत्र्याने बघायचं, मग लगेच खाऊ. समोरचा कुत्रा दिसतोय तोवर एकामागून एक तुकडे, तो नजरेआड झाला की खाऊ बंद. हे पुरेशा लांबून पुन्हा पुन्हा झालं की एके दिवशी तुमचा कुत्रा समोरच्याकडे बघतो आणि आपणहून मान वळवून तुमच्याकडे पाहतो. तो क्षण सोडू नका. तिथून पुढे, मान वळवली की ‘शाब्बास’ आणि खाऊ, असं सुरू करा. अंतर त्यानंतरच आणि थोडं थोडं कमी करायचं.

‘भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर लाडावेल’ ही भीती सोडून द्या. चिकन मिळतं म्हणून कुणाची भीती वाढत नाही. मात्र घरातली कोरडी बिस्किटं रस्त्यावर चालत नाहीत. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन, कलेजी किंवा पनीर, वाटाण्याएवढे तुकडे करून न्या आणि तेवढं जेवणातून कमी करा. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट कुत्र्यांना विषारी असतं, म्हणून ताटातलं उरलेलं नेऊ नका.

हिसके, गळा आवळणारी चोक चेन, काटेरी पट्टे

भुंकला की हिसका दिला, तर कुत्र्याला कळतं ते एवढंच की दुसरा कुत्रा दिसला की मान दुखते. भीतीला एक नवं कारण मिळतं. शिक्षेने गुरगुरणं थांबलं तर ते अधिक घातक, कारण गुरगुरणं हा इशारा असतो आणि तो दाबलेला कुत्रा थेट चावू शकतो. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या अमेरिकन संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली की सर्व कुत्र्यांना, आक्रमक कुत्र्यांनाही, बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनेच शिकवावं. ‘दोन दिवसांत सुधारतो’ म्हणणाऱ्या ट्रेनरला आधी विचारा, कुत्रा चुकला तर तुम्ही नेमकं काय करता?

छातीवर कडी असलेला हार्नेस आणि सहा फुटी साधा पट्टा पुरतो. ओढला की लांब होणारा, बटणाने थांबवायचा पट्टा या कुत्र्यांसाठी नकोच. चावण्याची शक्यता वाटत असेल तर मुसकं घाला, पण जाळीच्या टोपलीसारखं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड आवळणारं कापडी मुसकं आपल्या उन्हाळ्यात जिवावर बेतू शकतं.

‘आमचा काही करत नाही हो’

समोरचा मालक हे म्हणत जवळ येतो आणि आपण संकोचून थांबतो. थांबू नका. ताणलेल्या पट्ट्यांवर नाकाला नाक भिडवलेली ओळख बऱ्याचदा बिघडते. हात वर करून ‘काका, प्लीज लांबूनच, ट्रेनिंग चालू आहे’ म्हणा आणि वळा. त्यांना राग आला तरी चालेल.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा विचार न करणं

परदेशी व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांची इथे गाडी अडते, कारण तिकडच्या रस्त्यांवर मोकळी कुत्री सहसा नसतात. आपल्याकडे प्रत्येक चौकाची एक टोळी असते, तिची हद्द असते, आणि पहाटे व रात्री ती जास्त जागी असते. कचराकुंडी, चिकनचं दुकान, अंडाभुर्जीची गाडी ही ठिकाणं टाळून रस्ता आखा. खायला घालणाऱ्या ताई-दादांना वेळ आणि जागा विचारून घ्या, कुठली कुत्री शांत आहेत तेही त्यांना पक्कं ठाऊक असतं.

भाद्रपद तर प्रसिद्धच आहे. पावसाळ्याच्या अखेरीस माज येतो, टोळ्या फिरतात, भांडणं वाढतात. गाभणपण साधारण दोन महिन्यांचं, त्यामुळे दिवाळीनंतर जागोजागी पिल्लं आणि त्यांना जपणाऱ्या आया. शिवाय याच काळात ढोल-ताशांचा सराव, विसर्जन, फटाके. ताण साठत जातो आणि तो एका झोपेत उतरत नाही. सकाळी सुतळी बॉम्बने दचकलेला कुत्रा संध्याकाळी एरवी सोसवणाऱ्या स्कूटरवरही तुटून पडतो. अशा दिवशी फिरणं छोटं करा. गच्चीवर किंवा घरात खाऊ विखरून हुंगत शोधायला लावा. एखादा दिवस फिरणं बुडलं म्हणून काही बिघडत नाही.

टोळी अंगावर आलीच तर पळू नका आणि काठी उगारू नका. आपला कुत्रा मागे घ्या, मूठभर खाऊ त्यांच्या दिशेने जमिनीवर फेका आणि ती खात असताना शांतपणे उलट दिशेने निघा. मध्ये हात घालून भांडण सोडवताना स्वतःचा कुत्राही चावतो. चावा किंवा ओरखडा बसला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठा.

दुखणं तपासून न घेणं

शांत कुत्रा अचानक असा वागू लागला तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्याकडे जा. कानाचा संसर्ग, दात, खुबा, गोचीड ताप, थायरॉइड, यांतलं काहीही कुत्र्याला चिडखोर करू शकतं. काही महिने नीट सराव करूनही कुत्रा घराबाहेर पाऊल टाकताच थरथरत असेल, तर चिंता कमी करणाऱ्या औषधांबद्दलही विचारा. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, त्या सोबत सराव चालूच ठेवावा लागतो, आणि सुरू करणं असो वा थांबवणं, ते डॉक्टरांना विचारूनच.