जोडीने अनेक दिवसांची डोंगरी शर्यत पळताय? या चुका टाळा

जोडीच्या शर्यतीत शरीरं दोन, पोटं दोन, स्वभाव दोन आणि घड्याळ मात्र एकच असतं. 2005 मध्ये सुरू झालेल्या, आल्प्स ओलांडणाऱ्या ट्रान्सअल्पाइन रनमध्ये तर जोडीदारांनी एकमेकांपासून दोन मिनिटांपेक्षा जास्त लांब जायचं नाही, असा नियमच आहे. वेळ धरली जाते ती मागून येणाऱ्याची. म्हणजे पुढच्याने चढावर वाचवलेली मिनिटं कुठेच जमा होत नाहीत. हे सगळ्यांना कळतं, पण पहिला चढ आला की वळत नाही.

पुढच्या चुकांमध्ये वेगवान जोडीदाराला जास्त बोल लावलेत, आणि ते मुद्दाम. हळू जोडीदाराची दमछाक सगळ्यांना दिसते. वेगवान जोडीदाराचा उतावीळपणा कुणाच्या नजरेत येत नाही, पण जोडी बहुधा त्यानेच मोडते.

वर जाऊन वाट बघणं

ही सर्रास होणारी चूक. वेगवान गडी आपल्या लयीत खिंडीत पोहोचतो, पाणी पितो, काहीतरी खातो, फोटो काढतो. दुसरा धापा टाकत वर येतो, तोच हा म्हणतो, "निघूया?" विश्रांती मिळाली ती ज्याला गरज नव्हती त्याला. शिवाय वाट बघणारा घामाने भिजलेला असतो. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, वर वारा असतो, आणि थोड्याच वेळात तोही कुडकुडायला लागतो. मागच्याचं नुकसान मात्र याहून मोठं. प्रत्येक वळणावर थांबलेला जोडीदार दिसला की तो झेपेल त्याहून जास्त जोर लावतो. त्या दिवशी काही बिघडत नाही; बिघडतं ते दोन दिवसांनी.

उपाय सोपा आहे, अहंकाराला जड जातो इतकंच. चढावर हळू जोडीदाराला पुढे ठेवा आणि वेग त्यालाच ठरवू द्या. मागच्याने दोन-तीन पावलांचं अंतर राखायचं, त्याच्या टाचांवर चढायचं नाही. पुढच्याला एक पूर्ण वाक्य सलग बोलता येत नसेल, तर वेग जास्त आहे. उतारावर हाच क्रम पुन्हा तपासा, कारण चढावर मागे पडणारा उतारावर कितीदा तरी जास्त चपळ निघतो.

एकाच्या अंगात जोर शिल्लक असेल तर तो ओझं उचलण्यात खर्च करा. जास्तीचं पाणी, दोघांचं खाणं, प्रथमोपचाराचं साहित्य हे सकाळी निघतानाच वेगवान जोडीदाराच्या पाठीवर जाऊ दे. दुपारी थकल्यावर "माझी बॅग घे" म्हणणं कुणालाच आवडत नाही. कमरेला लवचीक दोर बांधून चढावर ओढत नेण्याची पद्धतही आहे. शर्यतीच्या नियमांत बसत असेल तर उपयोगी पडते, पण सरावात करून बघितलेली हवी, आणि फक्त रुंद, सुरक्षित वाटेवर. कड्यालगतच्या अरुंद वाटेवर किंवा उतारावर दोर सोडायचा म्हणजे सोडायचाच.

फक्त किलोमीटर मोजून वेळ ठरवणं

डोंगरात नुसत्या किलोमीटरला अर्थ नाही. ढोबळ हिशेब असा, की 100 मीटर चढाईला सपाटीवरचा एक किलोमीटर धरायचा. 40 किलोमीटर आणि 2,500 मीटर चढाईचा टप्पा म्हणजे 65 किलोमीटरची मेहनत. या हिशेबात उतार येत नाही, आणि चौथ्या दिवशी मांड्या दुखत असताना खडकाळ उतार चढाइतकाच वेळ खाऊ शकतो. कटऑफ, म्हणजे टप्पा गाठण्यासाठी आयोजकांनी दिलेली शेवटची वेळ, जमेल का हे हळू जोडीदाराच्या सरावातल्या आकड्यांवरून काढा. दोघांची सरासरी काढणाऱ्या जोड्या हमखास फसतात.

पहिल्या दिवसाचा उतार

पहिल्या दिवशी पाय ताजे असतात, समोर लांबलचक उतार असतो आणि आजूबाजूचे सगळे सुसाट निघालेले असतात. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन पेलतात आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. हे दुखणं एक ते तीन दिवसांनी शिगेला पोहोचतं, म्हणजे नेमकं शर्यतीच्या मध्यावर. लहान आणि भराभर पावलं टाका, टाचेने ब्रेक लावू नका, पोल (चालताना टेकायच्या काठ्या) असतील तर थोडा भार हातांवर घ्या.

खरा उपाय मात्र सरावात आहे. स्नायूंना उताराची एकदा चांगली ओळख झाली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने ते कमी दुखावतात. म्हणून शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी एक लांब, खडा उतार पळून घ्या. दोन दिवस सलग लाँग रन (लांब पल्ल्याची सरावाची धाव) करायचे तर ते दोघांनी मिळूनच करा. दमल्यावर आपला जोडीदार कसा वागतो, हे दुसऱ्या दिवशीच कळतं.

भूक लागलीय, हे न ओळखणं

जोडीतली बरीच भांडणं रिकाम्या पोटाची असतात. एरवी बडबड्या माणूस गप्प झाला, एकाक्षरी उत्तरं द्यायला लागला किंवा मार्किंगच्या, म्हणजे वाटेवरच्या खुणांच्या, रंगावरून वाद घालू लागला, की आधी त्याच्या हातात काहीतरी खायला द्या. चर्चा नंतर. सरावलेल्या पोटाला तासाला 60 ते 90 ग्रॅम कार्बोहायड्रेट झेपतं. सराव नसेल तर पहिल्याच दिवशी एवढा मारा केल्यावर उलटी होऊ शकते. गोड नको झालं तर सूप, उकडलेला बटाटा, खारट काहीही चालेल.

पाण्याच्या बाबतीत याच्या विरुद्ध चूकही होते. काळजीपोटी जोडीदाराला सारखं पाणी पाजलं जातं. तहानेपेक्षा खूप जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरतं. फुगलेली बोटं, डोकेदुखी, मळमळ, गोंधळलेलं बोलणं अशी लक्षणं दिसली तर आणखी साधं पाणी देऊ नका, वैद्यकीय पथकाकडे न्या. आणि आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेऊन टप्पे रेटू नका. शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.

जीव वाचवणारं सामान वाटून घेणं

खाणं एकाच्याच पाठीवर असलं तरी चालेल. जॅकेट, आपत्कालीन ब्लँकेट, शिट्टी, हेडलॅम्प आणि फोन मात्र प्रत्येकाकडे स्वतःचे हवेत. धुक्यात चुकामूक झाली की कळतं, ब्लँकेट एकाकडे होतं आणि थंडी दुसऱ्याला वाजत होती. आल्प्समधला मदतीचा संकेत दोघांनाही पाठ हवा: मिनिटाला सहा शिट्ट्या किंवा सहा प्रकाशझोत, मग एक मिनिट शांतता, पुन्हा तेच.

वाटेत काही बिघडलं तर

टाच चुरचुरायला लागली की तिथेच थांबा, खडा काढा, टेप लावा. पाच मिनिटं जातील, पण फोड आल्यावर दोघांचेही तास जातात.

बराच वेळ मार्किंग दिसलं नाही तर शेवटच्या खुणेपर्यंत दोघांनी मागे जायचं. "तू इकडे बघ, मी तिकडे बघतो" हे डोंगरात करायचं नसतं.

2,500 मीटरच्या वर डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर आणखी चढू नका. त्रास वाढत असेल तर खाली उतरा. चालताना तोल जात असेल किंवा बोलणं अडखळत असेल तर विचार करत बसूच नका, लगेच खाली उतरा. थंडीने कुडकुडणाऱ्याचं कुडकुडणं थांबलं, तरी तो अजून गारठलेला आणि गुंगीत असेल, तर ते बरं होण्याचं लक्षण नाही. वारा अडवा, कोरडे कपडे चढवा, मदत बोलवा.

मुक्कामावर आधी गप्पा मारत बसणं

ओले मोजे काढणं, पाय कोरडे करणं, तासाभरात पोटभर खाणं, उद्याची बॅग भरणं, हे आधी उरका. संध्याकाळी एकमेकांपासून थोडा वेळ लांब राहिलात तरी चालेल. दिवसभर एकच पाठ बघितल्यावर त्याची गरजच असते.

एकाला थांबावं लागलं तर?

हा प्रश्न जोड्या टाळतात, आणि मग कुठल्यातरी एड स्टेशनवर (वाटेतल्या खाण्यापिण्याच्या आणि मदतीच्या थांब्यावर) दुखऱ्या गुडघ्यानिशी, रडकुंडीला येऊन त्याचं उत्तर शोधतात. नाव नोंदवतानाच ठरवा. एकाने शर्यत सोडली तर दुसऱ्याला क्रमवारीबाहेर पुढे पळता येतं का, हे त्या शर्यतीच्या नियमांत बघा. येत असेल, तर थांबणाऱ्याला ते मनापासून चालणार आहे का, हेही विचारून ठेवा. कुठल्या दुखण्याला थांबायचं आणि कुठल्या दुखण्याला नाही, हेही आधीच बोला. थांबण्याचा शब्द दोघांपैकी कुणीही उच्चारू शकतो, आणि तो उच्चारल्यावर पुढच्या एड स्टेशनपर्यंत वाद नाही. दुखावलेला जोडीदार स्वयंसेवकांच्या ताब्यात जाईपर्यंत दुसऱ्याने तिथून हलायचं नाही, मग कटऑफला कितीही कमी वेळ उरलेला असो.