अर्धगोल कवचाचं गणित: आधी पोटेन्शियल, मग फील्ड

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला आलेली मुलं या गणितात इंग्रजीपेक्षा आकृतीत जास्त अडकतात. सहलीत पाहिलेला विजापूरचा गोलघुमट डोळ्यांसमोर आणा. पातळ अर्धगोल कवच, वस्तुमान M, त्रिज्या R.

केंद्रापाशी गुरुत्वीय पोटेन्शियल काढायला इंटिग्रेशन लागतच नाही. प्रत्येक कण केंद्रापासून R अंतरावर, म्हणून V = −GM/R. दिशेची भानगड नाही, नुसती बेरीज.

फील्डला मात्र दिशा असते. घुमटाच्या अक्षाशी θ कोन करणारी एक कडी घ्या. तिची त्रिज्या R sinθ आणि रुंदी R dθ. रुंदी इथे उभ्या उंचीत मोजू नका, कवचाच्या वळणावरून मोजा. बहुतेकांचं उत्तर इथेच चुकतं. मग dm = M sinθ dθ. कडीचे आडवे घटक एकमेकांना रद्द करतात, उरतो cosθ चा घटक:

E = (GM/R²) ∫ sinθ cosθ dθ, मर्यादा 0 ते π/2.

इंटिग्रलची किंमत 1/2. म्हणून E = GM/2R², दिशा घुमटाच्या माथ्याकडे.

पडताळा जरूर घ्या. मर्यादा 0 ते π केल्या की इंटिग्रल शून्य होतं, आणि पूर्ण गोल कवचाच्या आत फील्ड शून्यच असतं.

मला फार आवडणारी गोष्ट: कडेच्या सपाट वर्तुळावर आत कुठेही पोटेन्शियल −GM/R च असतं, कारण पूर्ण गोलाच्या दोन्ही अर्ध्यांचा वाटा तिथे समान. त्यामुळे त्या संपूर्ण पृष्ठावर फील्ड अक्षाला समांतरच असतं.